कापलेलं नाव

चांद्याच्या साप्ताहिकाचे लेख तपासणारे एक गृहस्थ दर बाजाराला आमच्या मूल गावी येत. सदऱ्याच्या गुंडीला दोऱ्याने बांधलेली लाल पेन्सिल, थैलीत कात्री. आलेल्या लेखावरचं नाव ते कापून घेत आणि लेख त्या विषयातल्या माणसाला वाचायला देत. "मले काऊन विचारता? मी का जंगलात बसलो होतो?" असं, लेख खरा का म्हणून कोणी विचारलं तर, वर म्हणत.

मी लाकडाच्या डेपोतला मुन्शी, चौथीत शाळा सुटलेला, गाव पार साताऱ्याकडे. मोहफुलांवर भीतभीत लेख पाठवला होता. छापून आला तर आईला धाडणार होतो.

पुढच्या बाजारी त्यांनी माझ्यापुढे एक लेख ठेवला. "मुन्शी, यातलं खरं-खोटं लिहा." नाव कापलेलं, पण अक्षर माझंच!

लेख माझा आहे हे यांना माहीत नाही, की ही माझी परीक्षा आहे? काही कळेना. 'बाया झाड हलवून फुलं पाडतात,' असं मी लिहिलं होतं. तसं कधी पाहिलं नव्हतं. वाचायला बरं वाटेल म्हणून घातलं होतं. मोह पहाटे आपोआप गळतो, हे डेपोजवळच्या मोहाखाली बसून मी पाहिलं होतं. आता लेख गेलाच, असं समजून मी समासात लिहिलं, 'हे खोटं आहे.'

त्यांनी ते वाचलं. "आता लेखकाले विचारा लागन," म्हणाले आणि माझ्याकडेच वळले. "काय भाऊ, काढू का वाक्य?"

"काढा. पण माझाच लेख मला का दिला?"

"मोहाखाली बसणारा अन् लिहिता येणारा दुसरा कोण आहे इथी?"

वाक्यावर लाल रेघ मारून त्यांनी खिशातून माझ्या नावाची कापलेली पट्टी काढली आणि लेखाला टाचणीने लावली.