जिवंत मुलाचा पिंड

कुकटपल्लीतल्या आमच्या इमारतीसमोर तो रोज सकाळी येऊन उभा राहायचा. साठीचा, पैलवानी बांध्याचा, पिळदार मिशांचा माणूस. आमच्या शेजारच्या बाल्कनीकडे तो पापणी न हलवता बघत राही. तिथे दोन तरुण राहत. ते जोडपं आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. पंधरा दिवसांत मला बाल्कनीत जायचीच भीती वाटू लागली. शेवटी खाली जाऊन विचारलं, "कोण पाहिजे जी तुम्हाला?"

त्याने मान वळवली नाही. "तो कपडे वाळत घालतोय ना, तो माझा पोरगा. मेलाय तो."

मी वर पाहिलं. वर तो तरुण शर्ट झटकत होता.

"एका पोरावर जीव आहे म्हणाला. मी म्हटलं, मग मेलास तू मला. फोटोला हार घातला, नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेचना. दुपारपर्यंत सगळे कावळे भोवती बसून माझ्याकडेच बघत होते. तो जिता आहे हे कावळ्यांना कळलं जी. तेव्हापासून रोज येऊन बघतो."

"मग वर जा की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो खरंच वर आला. दार मुलानेच उघडलं आणि तो जागीच थिजला. मागे त्याचा जोडीदार उभा होता. बापाने मुलाच्या नाकाखाली बोट धरलं. बोटाला श्वास लागेपर्यंत धरून ठेवलं. मग मागच्या तरुणाला विचारलं, "नीट जेवतो का हा?"