लाल शाईतला दोन

लाल शाई दिसली, की मला सत्तरच्या दशकातली रहिमतपूरची शाळा आठवते. वर्गातला माझा मित्र लेझीम फार नजाकतीनं खेळायचा आणि मुलींच्या गप्पा निघाल्या की गप्प बसायचा. पोरं त्याला ‘बायल्या’ म्हणत, वाटेत अडवून त्याचं दप्तर ओढ्यात फेकत. त्यानं शाळा सोडायचं ठरवलं, तेव्हा मी नि माझ्या चुलत बहिणीनं ‘सोबत मंडळ’ काढायचा अर्ज केला. शाळेत विज्ञान मंडळ होतं, मग हे का नको? उद्देश लिहिला, ‘अशा मुलांना घरापर्यंत सोबत करणे.’ हेडसरांनी अर्ज दोनदा वाचून विचारलं, “अशी पोरं किती हायती रं शाळेत?” मी म्हणालो, “एकच, सर.” त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, अर्जावर लाल शाईनं ‘दोन’ लिहिलं, सही केली आणि हळूच म्हणाले, “गणित कच्चं हाय तुजं.” मग उसाच्या कडेकडेनं आम्ही रोज मित्राला घरी पोचवायचो, आणि वर्षभर मी शाळेत तो दुसरा मुलगा शोधत होतो. आता साठी उलटलीय. मुलींच्या गप्पा निघाल्या की मीही गप्पच बसायचो; त्याचा अर्थ हेडसरांना माझ्या कितीतरी आधी कळला होता.