गोणीचं दुसरं टोक

माझे वडील, तात्या, मुंबईच्या गोदीत गोण्या उचलायचे. आमच्या गावाहून, डिंगोऱ्याहून, गेलेल्या माणसांची तिथे एक टोळीच होती. दोघांनी गोणीची दोन टोकं धरायची, उतरवताना एकाने "सोडू का रं?" विचारायचं आणि दुसऱ्याने "सोड" म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही. एकाने आधी सोडलं, तर दुसऱ्याचं मनगट गेलंच म्हणून समजा. तात्यांचा जोडीदार आमच्याच गावचा, दोन गल्ल्या सोडून राहणारा. दोघांनी मिळून किती बोटी रिकाम्या केल्या असतील, देव जाणे.

युनियन लाल बावट्याची आणि तात्या तिच्या कमिटीवर. सुट्टीला गावी आले की ओट्यावर बसून त्याच गोष्टी. संप असला की परदेशी बोटीवरचे खलाशी कठड्यावरून दोरीला बांधून पाव खाली सोडायचे. दुसऱ्या बंदरात संप मोडून भरलेला माल आला, तर त्याला आमच्या माणसांनी गोणी ओढायचा आकडा लावायचा नाही; गहू असला तरी तो काळा माल. ऐकताना माझी छाती फुगायची. शाळेत कुणी विचारलं तर वडील हमाल आहेत असं मी सांगत नसे, युनियनमध्ये आहेत म्हणायचो.

एका लांबलेल्या संपात जोडीदार गेट ओलांडून कामावर गेला. त्याची चार वर्षांची लेक इस्पितळात होती, औषधपाण्याला घरात काही उरलं नव्हतं. कमिटीने हात वर करून ठराव केला: याच्याशी बोलायचं नाही, याच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. पुढे तो संप फसलाच. मग कंटेनर आले, मोठ्या क्रेन आल्या, टोळ्या मोडल्या, माणसं गावाकडे परतली. सगळं संपलं, ठराव तेवढा राहिला. जगातल्या कामगारांच्या एकजुटीवर तासभर बोलणारा माझा बाप गावातल्या एका माणसाशी चाळीस वर्षं बोलला नाही. मला याचा भयंकर राग यायचा.

आई गेली त्या दिवशी आमची चूल बंद होती. अशा घरी गावातून भाकरी येतात, तशा आल्या. जोडीदारही पिठलं-भाकरीची पाटी घेऊन आला, ओट्यावर ठेवली आणि मान खाली घालून गेला.

"हात लावू नगं त्याला," तात्या म्हणाले.

"अवो, भाकरी हाय ती. बोटीतला माल न्हाई!" मी ओरडलो.

"कमिटीचा ठराव हाय."

त्या कमिटीतलं तात्यांशिवाय कुणी जिवंत नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसून त्यातली एक भाकरी खाल्ली.

गेल्या वर्षी जोडीदाराने अंथरूण धरलं. ती लेक नारायणगावला दिलेली, बापाचं करायला आली होती. एका दुपारी आमच्या दारात उभी राहिली.

"तात्या, बाबा तुमचीच वाट बघत्यात. एकदा येऊन जावा."

तात्यांनी गालावरून हात फिरवला. मग म्हणाले, "उद्या सकाळी येतो."

ती गेल्यावर मी म्हटलं, आत्ताच चला. तर म्हणे दाढी वाढलीय. मी जास्त ताणलं नाही. ताणायला हवं होतं. ही चूक माझी आहे, ती मी कुणावर ढकलत नाही.

सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते ओट्यावर चपला शोधत असतानाच निरोप आला. त्यांनी चपला घातल्या आणि तसेच निघाले.

आमच्याकडे नदीच्या वाटेवर विसाव्याला तिरडी खाली टेकवतात. बायका तिथूनच माघारी फिरतात. विसावा दहा पावलांवर आला तेव्हा तात्यांनी मला बाजूला सारलं आणि माझ्या जागी खांदा दिला. वय अठ्ठ्याहत्तर, पण कुणी अडवलं नाही. विसाव्याला तिघांनी आपापलं टोक खाली टेकवलं. तात्यांचं मात्र वीतभर वरच राहिलं.

"सोडू का रं?" त्यांनी विचारलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. मला कळलं होतं. शेवटी त्याची लेक बायकांतून पुढे आली, त्यांच्याजवळ वाकली आणि म्हणाली, "सोडा, तात्या."

तात्यांनी बांबू हळूच जमिनीला टेकवला आणि तिथेच मातीत बसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते जोडीदाराशी बोलले.

"ठरावाला पयला हात माझाच व्हता रं," ते म्हणाले.