‘हाय’ म्हटलं की नमस्कार

कोन गावातल्या घरी आय एकटी. मी पनवेलला, नोकरीच्या धबडग्यात. म्हणून तिच्या भिंतीवर बोलणारी डबी बसवली. धाडकन आवाज झाला की ती मराठीत विचारणार, "तुम्ही ठीक आहात का?" आणि उत्तर ऐकून, गरज पडली तर मला फोन लावणार. अशी वस्तू तेव्हा कुणाकडेच नव्हती. मला केवढं कौतुक!

पहिल्याच दिवशी पातेलं पडलं आणि डबीने विचारलं. आय म्हणाली, "बरी हाय." डबी लगेच, "हाय! नमस्कार! काय मदत करू?" आम्ही पोट धरून हसलो.

"गो बाय, हिला आमचा बोलना कलत नाय," आय म्हणाली.

कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, आईंना शुद्ध बोलायला सांगा ना." शुद्ध म्हणे! डोंबलाचं शुद्ध. माझी आय जन्मभर बोलली ते काय अशुद्ध?

मग एका दुपारी ती मोरीत घसरली. डबीने नेमाने विचारलं. "परली हाय गो, उठता येत नाय!" डबी म्हणाली, "हाय! नमस्कार!" आय ओरडत राहिली, डबी नमस्कार करत राहिली. शेजारीण कढीपत्ता मागायला आली तेव्हा कुठे कळलं. खुबा मोडला होता.

हॉस्पिटलातून आणल्यावर मी ती डबी उचकटायला निघाले, तर आयने हात धरला.

"राऊ दे. पुना परली त कोन ऐकेल माजा? मीच शिकतंय."

आणि खाटेवर पडल्या पडल्या ती घोकू लागली. आहे. नाही. पडले आहे. शाळेचं तोंड न पाहिलेली माझी आय! मला बघवत नव्हतं.

पुढे कंपनीच बंद पडली. लोकांनी डब्या घेतल्या नाहीत म्हणे. कशाला घेतील? विकत आणायची आपण आणि बोलायचं तिच्यासारखं? डबीचा दिवा विझला तसं मी आयला म्हटलं, "आता कुणी ऐकत नाही, तू आपलं बोल."

पण तिची जीभ वळली ती वळलीच. काल फोनवर मुद्दाम विचारलं, "आये, बरी हायस ना?"

पलीकडून एकेक अक्षर जपून आलं, "मी ठीक आहे."

मी ‘गो बाय’साठी थांबले. तिने फोन ठेवला होता.