मंजुळाचं पान

गेलेल्या माणसाच्या आवडीचं पितृपंधरवड्यात पानावर वाढायचं, ही कोळीवाड्याची रीत. मनुबाईच्या मंजुळाला आवडायचा टेंभी नाक्याजवळच्या हॉटेलातला पिझ्झा. पगार झाला की मैत्रिणींबरोबर ती तिथं जायची आणि दर वेळी आईच्या मागे लागायची, "आये, तू पण चल ना गं. नंतर आइस्क्रीम खाऊ."

"माझ्या अंगाला मावऱ्याचा वास," मनुबाई हसून उडवून लावायची. "तुझ्या मैत्रिणी नाकाला रुमाल लावतील."

गेल्या साली कावीळ होऊन पोर गेली.

आज मासळीची पाटी घरी ठेवून, धुतलेलं लुगडं नेसून मनुबाई पहिल्यांदाच त्या काचेच्या दारातून आत शिरली. बांधून द्या म्हणायचं तिला सुचलंच नाही, त्यामुळे वेटरने पिझ्झा टेबलावर आणून ठेवला. ती नुसती बघत राहिली. पान वाढण्याआधी त्यातलं चाखायचं नसतं.

"मावशी, गरम आहे तोवर खा. थंड झाला की चिवट होतो."

"पहिला घास लेकीचा."

"येतायत का त्या?" असं म्हणत वेटरने समोर दुसरी प्लेट मांडलीसुद्धा.

रिकाम्या खुर्चीकडे बघताना मनुबाईच्या मनात आलं, आपण हिला घरी का बोलावतोय? ती तर आपल्याला इथं बोलावत होती.

तिने एक तुकडा उचलून समोरच्या प्लेटमध्ये वाढला. मग स्वतःसाठी घेतला.

"जेव बाय," ती हळूच म्हणाली. "आले गं मी."