अंजिराखालून जाणारा ट्रॅक्टर

शालनवहिनींच्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पत्र संक्रांतीच्या सुमारास आलं, आता पाडवा तोंडावर आहे, आणि पत्र माझ्या उशीखाली आहे. उशीखाली ठेवलं की आपण ते विसरलो नाही असं स्वतःला सांगता येतं, एवढाच त्याचा उपयोग.

शालनवहिनी म्हणजे माझा मेहुणा सोपान, त्याची बायको. सोपान गेल्या श्रावणात गेला. पुरंदरच्या बाजूला त्यांची अंजिराची लहानशी बाग आहे. मला फोनवर नीट ऐकू येत नाही, कानातलं मशीन शिट्टी मारतं, म्हणून वहिनी लिहितात. पत्र चारच ओळींचं आहे. 'दाजी, यांच्यामागं बैल ठेवून करायचं काय, म्हणून विकले. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आणला तर खालच्या फांद्या मोडतो. छोटा घ्यावा म्हणते. दोन बघितलेत, त्यांची माहितीपत्रकं पाठवते. तुम्ही वाचणारं माणूस, दोन्हींतला कोणता घेऊ ते कळवा. पाडव्याला ट्रॅक्टर दारात आला नाही तर बाग पुतण्याला खंडानं कसायला देऊन टाक असं समदे म्हणतात. मला द्यायची नाही.'

मी सगळी नोकरी एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून केली. कुणी येऊन विचारलं, "सर, यातलं कोणतं वाचू?" तर मी दोन्ही पुस्तकं त्याच्या हातात द्यायचो आणि चष्मा पुसत बसायचो. ट्रॅक्टर दोन्ही देता येत नाहीत. माहितीपत्रकं मी इतक्यांदा उघडली की घड्यांवर फाटली. एक लाल, एक निळा. ताकद सारखी, वजन जवळपास सारखं, उंचीत बोटभराचा फरक. लाल कमी जागेत वळतो, निळ्याला डिझेल जरा कमी लागतं. सकाळी लाल ठरवावा तर संध्याकाळी वाटतं, आपण कोण सांगणारे? मला साधी सायकल धड चालवता आली नाही. माझ्या शब्दावर त्या बाईची बाग राहायची किंवा जायची, या कल्पनेनंच पेन हातात धरवत नाही.

दुपारचं जेवण झालं आहे. मी लुंगी नेसून कॉटवर पडलो आहे. मशीन काढून खिडकीत ठेवलं आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात ही भांडी लावते आहे ते नुसतं दिसतं, ऐकू येत नाही. लाल पत्रक छातीवर आहे, निळं हातात. डोळे मिटतात, उघडतात. पंख्याची पाती एकदा लाल दिसतात, एकदा निळी.

पायाकडची बाजू खाली दबते. कुणीतरी कॉटवर बसलं आहे.

"काय दाजी, वाचता वाचता डोळा लागला व्हय?"

"झोपलो नाही. विचार करतोय."

"त्येच म्हणलं मी."

सोपान आहे. पांढरी बंडी, खांद्यावर टॉवेल, टोपी जरा मागे सरकवलेली. तो गेलेला आहे हे मला पक्कं माहीत आहे. पण घरी आलेल्या माणसाला असं तोंडावर कसं सांगायचं? मी उठून बसतो आणि त्याला जागा करून देतो. मग ध्यानात येतं की मशीन खिडकीत आहे आणि तरी मला त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं आहे. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो आहे.

"आक्का कुठंय?"

"आत आहे. बोलावू?"

"नको. मला बघून रडंल, मग च्याचं आधण उतू जाईल." तो पत्रक हातात घेतो, उलटं धरतो, परत देतो. "लुगडं घ्यायचं तरी बाया अंगाला लावून बघत्यात. तुमी ट्रॅक्टर कागदावर बघताय. चला."

मी चपला शोधतो. चपला पुस्तकांच्या कपाटाखाली आहेत, कारण आम्ही कॉलेजच्या वाचनालयात आहोत. तीच फरशी, तोच जुन्या कागदाचा वास. मात्र कपाटांच्या माथ्यावरून अंजिराच्या फांद्या खाली आल्या आहेत, आणि खरखरीत पानांमधून पुस्तकांच्या पाठी दिसतात. दोन कपाटांमधली वाट ओली आहे. कुणीतरी पाणी सोडलं आहे.

"इथं शांतता पाळायची असते," मी हळूच म्हणतो.

"मी आता कुठं गडबड करतोय?" सोपान म्हणतो.

माझं टेबल होतं तिथे लाल ट्रॅक्टर उभा आहे. सोपान त्याच्या चाकावर थाप मारतो, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

"चढा."

"मी?"

"मग काय, मी? माझं काय वजन ऱ्हायलंय आता?"

मी एक पाय वर टाकतो. लुंगी आडवी येते. ती सावरत कसाबसा सीटवर टेकतो तर दोन्ही पायांच्या मधोमध गियरचा दांडा उभा. दांड्याच्या एका बाजूला एक पाय टाकावा लागतो, दुसऱ्या बाजूला दुसरा. लुंगी दांड्याला अडकते आणि गुडघ्यावर येते. मी ती खाली ओढतो, दांडा पुढे सरकवतो, ती पुन्हा वर येते. तेवढ्यात मला दिसतं की वाचनाच्या लांब टेबलांवर पंगत बसली आहे. फेटे, टोप्या, डोक्यावरून पदर. सगळे जेवता जेवता थांबून माझ्या गुडघ्यांकडे बघताहेत. हे माझ्या लग्नाचं जेवण आहे. मी नवरदेव आहे आणि मला लुंगी आवरत नाही.

"सोपान, मला उतरव."

"उतरा की. घाई तुमालाच कधी नसती." तो बुंदीच्या लाडवांचं ताट घेऊन पंगतीतून फिरतो आहे. लग्नात होता तसा, मिसरूडसुद्धा न फुटलेला. पण आवाज म्हाताऱ्याचाच. "आक्काला बघून गेलात, पोहे खाऊन गेलात, आन होकार कळवायला अख्खा उन्हाळा घेतलात. मी रोज पोस्टमनला आडवा जायचो. आमच्या आबांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं व्हतं, ठाव हाय?"

"मला ती पहिल्याच दिवशी पसंत होती."

"मग लिवलं का न्हाई?"

"वाटलं, तिला मी पसंत नसेन."

सोपान थांबतो. ताटातला एक लाडू माझ्या हातात ठेवतो. "येडं माणूस," तो म्हणतो. हे तो लग्नातही म्हणाला होता, फक्त तेव्हा मला ऐकू येणार नाही अशा बेतानं.

लाडू हातात कोवळा होत जातो. हिरवं अंजीर आहे, नुकतंच तोडलेलं. देठातून पांढरा चीक माझ्या बोटांवर येतो.

"पुसू नका लुंगीला, डाग जात न्हाई," सोपान म्हणतो. आम्ही बागेत उभे आहोत.

ऊन तिरपं आहे, पण कुठल्या बाजूनं येतंय ते कळत नाही. अंजिरांचा उन्हाळी हंगाम, मीठा बहार, लागला आहे, पिकलेल्या अंजिरांचा गोड वास आहे. झाडं वाकून जमिनीकडे आली आहेत. त्यांच्याखाली निळा ट्रॅक्टर उभा आहे.

"सोपान," मी विचारतो, "चालवणार कोण? पुतण्या?"

"त्याला बाग पायजे. ट्रॅक्टर न्हाई."

"मग एखादा ड्रायव्हर ठेवावा लागेल."

तो माझ्याकडे बघतो. त्यात राग नाही. वर्गात मागे पडलेल्या मुलाकडे मास्तर बघतात तसं काहीसं आहे. "दाजी, पत्र कुणी लिवलंय?"

इतकी वाचली ती पत्रकं, इतकं वाचलं ते पत्र, आणि हे मला सुचलं नव्हतं. ताकद कुणासाठी, वळण कुणासाठी, हा प्रश्नच मी विचारला नव्हता. माझ्या मनातल्या सीटवर कायम एखादा पँट घातलेला गडी बसलेला होता.

"मलाबी सुचलं न्हाई कधी," सोपान म्हणतो. तो बांधावर बसला आहे, गवताची काडी चावतो आहे. "आमच्यात बाईनं औत धरायचं नसतं. बैलांना वैरण तिची, पाणी तिचं. बेंदराला शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची, समदं तिनं. पर कासरा हातात घेतला की म्हातारी वरडायची. म्हातारी गेली, मग मी वरडायचो. एकदा मला ताप व्हता तवा तिनं गुपचूप दोन फेऱ्या मारल्या. मी खाटंवरनं बघत व्हतो. सरळ तास मारला व्हता, दाजी. माझ्यापरास सरळ."

"मग काय म्हणालास?"

"झोपलोय असं दाखवलं."

पानं हलतात. मी त्याच्या शेजारी बसतो. आम्ही दोघं असे कधी शेजारी बसलो नव्हतो. आलो की मी ओसरीवर पुस्तक घेऊन आणि तो बागेत.

"कोणता घ्यायचा, तूच सांग," मी म्हणतो. "तुझं शेत आहे."

"मला वाचता येतं व्हय? कागद तुमच्याकडं हाय. वाचा की मोठ्यानं."

निळं पत्रक माझ्या हातातच आहे. अक्षरं बारीक आहेत, पण चष्म्याशिवाय दिसतात. मी वाचत जातो. ताकद, वजन, उंची. अगदी खाली, डिझेलच्या टाकीच्या मापानंतर, मी रोज वाचून सोडून दिलेली ओळ येते: गियर बाजूला, पायांमध्ये मोकळी जागा. मी थांबतो. निळ्या ट्रॅक्टरकडे बघतो. दांडा सीटच्या कडेला आहे, हाताला सहज येईल असा. पायांच्या मध्ये काहीच नाही. लुगड्याचा घोळ पडेल एवढी ऐसपैस जागा.

"सापडलं?" सोपान विचारतो.

"हे त्यांना आधीच माहीत असेल रे. बसून बघितलं असेल त्यांनी."

"असंल."

"मग मला कशाला विचारलं?"

"तिथं समदे न्हाई म्हणत्यात. एकानं तरी व्हय म्हणावं, एवढंच." तो उठतो, टॉवेल झटकतो. "होकाराला उशीर करू नका, दाजी. दरवेळी आक्कासारखं माणूस थांबत न्हाई."

"सोपान, वहिनींना तुझा काही निरोप?"

तो बागेकडे हात करतो. "पाटाच्या कडंला ते तिसरं झाड. त्येची फांदी फार खाली हाय. तिथनं जाताना वाकायचं म्हणावं. न्हाईतर डोकं फुटंल तिचं."

"बस, एवढंच?"

"लई झालं की," तो म्हणतो, आणि फांदीखालून वाकून पलीकडे जातो.

कॉट. पंखा. ही समोर चहाचा कप घेऊन उभी आहे, ओठ हलताहेत. मी मशीन कानात घालतो.

"...कधीची हाका मारतेय. आणि त्या कागदाला काय फासलंय?"

निळं पत्रक माझ्या अंगठ्याला चिकटलं आहे. मी ते सोडवतो. अंगठा आणि पहिली दोन बोटं चिकट आहेत, त्यांवर काहीतरी पांढरं वाळत आलेलं आहे. थोडी खाजही आहे. ती माझा हात धरते, नाकाजवळ नेते, आणि तिचा चेहरा बदलतो. तिचं बालपण त्या बागेत गेलं आहे.

"अंजीर कुठं मिळालं तुम्हाला?"

"कागद दे," मी म्हणतो. "आणि पाडव्याला आपण तुझ्या माहेरी जायचं आहे."

लिहायला फार वेळ लागला नाही. 'सौ.' लिहायला गेलेला हात थांबला, मग नुसतंच लिहिलं: 'शालनवहिनींस. निळा घ्या. गियर बाजूला आहे, बसायला सुटसुटीत. चालवायचा तुम्हीच, दुसऱ्या कुणाला देऊ नका. बाग खंडानं द्यायची नाही, असं मी आणि ही दोघंही म्हणतो, कुणी विचारलं तर आमचं नाव सांगा. पाटाच्या कडेच्या तिसऱ्या झाडाखालून जाताना मात्र वाका. उत्तराला उशीर झाला.' पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं, म्हणून वाचलं नाही.

तिनं माझ्या खांद्यावरून वाचलं. शेवटून दुसऱ्या ओळीशी तिचं बोट थांबलं. "तुम्ही त्या पाटाकडे कधी गेलात?" तिनं विचारलं. मी चपला घालत होतो. तिनं पुन्हा विचारलं नाही, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "लवकर जा, टपालपेटी उघडायची वेळ झाली."

कोपऱ्यावरच्या पेटीशी मी नेहमीसारखा थबकलो. पाकीट फटीत अर्धं घातलं आणि तसाच उभा राहिलो. मग बोटं सैल केली. पाकीट क्षणभर अंगठ्याला धरून राहिलं, मग सुटलं. आत पडल्याचा आवाज मला आला नाही, पण तो झाला असणार.