लिस्बनला पोचलेलं आरमार आणि जागचे न हललेले बाबा

बाबांच्या इतिहासात काशीच्या पंडितांनी समुद्रप्रवासाला कधी बंदी घातलीच नाही. त्यामुळे मराठ्यांची गलबतं आफ्रिकेला वळसा घालून थेट लिस्बनला पोचतात आणि पोर्तुगालचा राजा बंदरावर हात जोडून उभा असतो. बाबा निवृत्त संस्कृत शिक्षक. ही कादंबरी ते सांगायचे आणि बँकेतून दमून आल्यावर मी लॅपटॉपवर टाइप करायची. गलबतावर गाय हवी, गंगाजळाचे हंडे हवेत, कोकणस्थ-देशस्थांच्या चुली वेगळ्या हव्यात. लिस्बनला पूजेला बसल्यावर संकल्पात देश कोणता म्हणायचा, या वादापायी तर त्यांनी अख्खं आरमार दोन महिने बंदरात कुजवलं. माझं डोकं उठायचं.

आणि सातासमुद्रापार राज्य करणारे हे बाबा स्वतः पंचगंगा घाटावरून नावेत बसून पलीकडच्या तीरालाही जात नव्हते. आई गेल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरण काशीतच यावं म्हणून मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. तिकडे माझा दादा कॅनडात. त्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, दिवसाआड डायलिसिस, त्यामुळे त्याला येणं शक्य नव्हतं. त्याचं एकच मागणं होतं, बाबांनी एकदा यावं.

"पासपोर्टचा फॉर्म भरू का?" सहा महिने मी रोज विचारायची.

"जरा सबर कर. आधी ब्राझीलचं प्रकरण निपटू दे."

"तुमचे पंडित अख्ख्या फौजेला परवानगी देतात, मग तुम्हालाच का नाही?"

"ती कहाणी आहे गं. मी बाहेर मेलो तर मोक्ष तू देशील?"

खरं सांगते, लॅपटॉप उचलून गंगेत फेकावासा वाटला. मंगला गौरीच्या गल्लीतल्या गुरुजींना जाऊन विचारलं. ते म्हणाले, मुलाच्या आजारपणासाठी जायला हरकत नाही, परत आल्यावर प्रायश्चित्त घेऊ. बाबांनी तो निर्णय लगेच आरमारावरच्या एका क्षेत्रसंन्याशाला लागू केला आणि मला नवं प्रकरण टाइप करायला बसवलं.

शेवटी एका रविवारी सकाळी मी चिडून दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बाबांच्या हातात कोंबला. बाबा सुरू झालेच. ब्राझीलच्या किनाऱ्यावर विश्वनाथाची स्थापना कशी झाली, पिंडी कुठल्या दगडाची, अभिषेकाला कोण बसलं. दादा ऐकत होता. त्याचा चेहरा सुजला होता.

मग तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला काशीबाहेर मरायची भीती वाटते. मी तर बाहेरच मरणार आहे. माझं काय होईल?"

आयुष्यभर प्रत्येक शंकेवर श्लोक फेकणाऱ्या माणसानं फोन चेहऱ्याजवळ ओढला. त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे थंडी फार असते का रे? तिथं माझं या एका स्वेटरनं भागेल?"

मला रागानं रडू आलं. एवढं विचारायला त्यांनी सहा महिने घालवले होते, आणि दादाकडे तेवढे उरलेत की नाही, हे आम्हां तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.